तळच्या फळीवरची तांबडी वाइन

मी त्या माणसाचा हात धरला, हे खरे आहे. त्यापुढे जे जे सांगितले जाते ते खोटे आहे. आणि ज्याअर्थी सांगणाऱ्यांपैकी एक माझा सख्खा पुतण्या व दुसरा माझा व्याही आहे, त्याअर्थी ते मी लेखी खोडून काढणे भाग आहे. तोंडी खोडून पाहिले. तोंडी वादात मी आजवर कोणाला हार गेलेलो नाही. परंतु पुतण्याचे किराणा दुकान आमच्या भूमजवळच्या वाशीच्या भर बाजारपेठेत आहे आणि माझे घर गावाच्या टोकाला, ओढ्याच्या पलीकडे. त्याला दिवसाकाठी साठ गिऱ्हाइके भेटतात. मला भेटतात चार, आणि त्यांतले दोघे कानाने अधू आहेत.

प्रकरणाचे मूळ पुण्यात आहे. दिवाळीत आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. लेकीचे सासरे, म्हणजे माझे व्याही, एका सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नाही. फक्त प्रत्येक वस्तूची किंमत सांगितल्याशिवाय ती वस्तू त्यांना दिसत नाही. येत्या वैशाखात माझ्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती, आणि त्या जेवणावळीसाठी व्याह्यांनी पुण्यातला एक हॉल मनाशी ठरवून ठेवला होता. थंड हवा, मखमली खुर्च्या, पाच ठिकाणी मांडलेले जेवण. मी सांगितले की जेवण माझ्या शेतात होईल, चिंचेखाली, जमिनीवर पंगत मांडून, जसे माझ्या घरातले प्रत्येक कार्य आजवर झाले. ते म्हणाले, वैशाखात? मी म्हणालो, वैशाखातच. चिंचेची सावली काय असते हे हॉलमध्ये बसणाऱ्याला सांगून कळत नाही.

तो विषय तसाच ताणलेला असताना त्यांनी दुपारच्या जेवणावर वाइनची बाटली उघडली. तांबडी. परदेशी. "अडीच हजारांची आहे," हे त्यांनी बूच निघण्याच्या आधीच सांगितले. मग पेल्यात थोडी ओतून ती गोल गोल फिरवली, नाक आत घातले आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. मला वाटले, डुलकी लागली.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "चामडं. थोडा धूर. आणि मागून पिकलेलं आलुबुखार."

"चामड्याचा वास यायलाय?"

"हेच तर वैशिष्ट्य आहे."

"आमच्या इहिरीवर मोट हुती तवा पाण्याला रोज चामड्याचा वास यायचा," मी म्हणालो. "कुणी अडीच हजार दिले न्हाईत."

येथे पुतण्या सांगतो की मी पेला जमिनीवर आपटला. पुतण्या तेव्हा पुण्यात नव्हताच. मी पेला अलगद ताटाशेजारी ठेवला आणि विचारले की ही वाइन चांगली आहे हे तुम्हाला कशावरून कळले. त्यांनी आधी बाटलीकडे पाहिले, मग तिच्यावर चिकटलेल्या किमतीच्या चिठ्ठीकडे. मग ते शास्त्रात शिरले. म्हणाले, वाइनला अंग असते, बांधा असतो, चाल असते. ते ओळखायला वर्षानुवर्षांची सवय लागते.

आता हे कोणाला सांगत होते ते पाहा. भूमच्या आठवडी बाजारात गेली चाळीस वर्षे शेळी घ्यायची म्हटली की लोक आधी माझ्याकडे येतात. आमच्या जिल्ह्याची काळी शेळी सगळ्या मुलखात नावाजलेली. तिचे अंग, तिचा बांधा, तिची चाल मी शंभर पावलांवरून सांगतो. आणि भाव पाहून जनावर घेणारा माणूस पहिल्या तासात लुबाडला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तसे मी त्यांना सांगितले. म्हणालो, पाचशेच्या आतली बाटली आणून मी तुमच्या अडीच हजारांच्या शेजारी ठेवतो.

"ठेवा की!" व्याही खुर्चीत पुढे सरकले. "आणि ही आहेच. हिचे डोळे बांधा. आपली बाटली ही झोपेतसुद्धा ओळखेल."

'ही' म्हणजे विहीणबाई. त्या व्याह्यांच्या सोबतीने गेली दहाएक वर्षे रविवारी अर्धा पेला घेतात. त्या म्हणाल्या, "मला कशाला मध्ये ओढता?" परंतु तोवर पैज ठरून गेली होती. विहीणबाईंनी माझी बाटली उचलली तर पन्नाशीचे जेवण माझ्या शेतात. व्याह्यांची उचलली तर पुण्याच्या हॉलमध्ये. माझी बायको समोरच बसली होती. "भात निवायलाय," एवढेच ती म्हणाली.

गावी आल्यावर मी चौकशी केली. वाइन घ्यायची कुठे? वाशीच्या परमिट रूमच्या मालकाने फळीवरून धूळ झटकून एक बाटली काढली, ती त्याच्या थोरल्या मुलाच्या बारशापासून तिथे होती. मुलगा आता ग्रामसेवक आहे. तेव्हा पुतण्यानेच सुचवले, आणि ह्याचे श्रेय मी त्याला देतो, की सोलापूरच्या अलीकडे महामार्गाला घाऊक मालाचे जे भले मोठे गोदाम-दुकान आहे, जिथून तो साबण आणि बिस्किटे भरतो, तिथे एका कोपऱ्यात वाइनही मिळते. आत जायला दुकानदारीचे कार्ड लागते. ते त्याच्याकडे होते.

आम्ही त्याच्या टेम्पोतून गेलो. ते दुकान म्हणजे साखर कारखान्याची शेड समजा, फक्त पोत्यांऐवजी आकाशाला भिडलेल्या फळ्या. हातगाड्या एवढ्या मोठ्या की एकीत वासरू उभे राहावे. एक टूथब्रश मागितला तर मिळत नाही. बारा घ्यावे लागतात. दारातून आत शिरतानाच पुतण्याने माझा दंड धरला.

"काका, आधीच सांगतो. हितं भाव करत न्हाईत. पट्टीवर लिव्हलंय तेवढंच द्यायचं."

"भाव करत न्हाईत तर मग लोक हितं बोलतात काय?"

"कायबी बोलत न्हाईत. गाडी ढकलतात."

वाइनचा कोपरा जाळीने वेगळा केला होता. आत शिरताना काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे आधार कार्ड मागितले, वयाची खात्री करण्यासाठी. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. मी कार्ड दिले. तिने ते नीट वाचले आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. एवढ्या काटेकोर मुलीबद्दल मला आदरच वाटला. पुतण्या मात्र अजून हसतो.

आत शंभरेक प्रकारच्या बाटल्या. कोट घातलेला एक विक्रेता धावत आला. तो दुकानाचा नव्हे, एका वाइनवाल्या कंपनीचा माणूस होता आणि स्वतःच्या कंपनीची नऊशेची बाटली तान्ह्या मुलासारखी हातावर घेऊन हिंडत होता. मी त्याला बाजूला केले आणि एक रिकामे क्रेट पालथे घालून त्यावर बसलो. बाजारात शहाणा माणूस पोहोचल्या पोहोचल्या जनावराला हात लावत नाही. तो झाडाखाली बसतो आणि कोण काय घेतो ते पाहतो. मीही तेच केले. हॉटेलवाले आले, त्यांनी पट्टी वाचून सगळ्यांत स्वस्त उचलली. लग्नघरचे आले, त्यांनी सगळ्यांत चकचकीत उचलली. मग एक चष्मेवाल्या बाई आल्या. त्यांनी पट्टी वाचली नाही, विक्रेत्याकडे पाहिले नाही. सरळ वाकल्या, तळच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या आणि निघून गेल्या. जो माणूस वाकून घेतो त्याला माहीत असते.

पुतण्या सांगतो की मी तासभर क्रेटवर झोपलो होतो. माझे डोळे मिटलेले होते, हे मान्य. परंतु झोपलेल्या माणसाला चष्मेवाल्या बाई दिसल्या असत्या काय, एवढे त्याने सांगावे.

त्यानंतर मी तिथल्या विभागप्रमुखाला बोलावले. पन्नाशीचा गृहस्थ, छातीवर दुकानाची पट्टी, चेहऱ्यावर दिवसभर उभे राहणाऱ्याचा थकवा. मी नऊशेच्या बाटलीकडे बोट दाखवून विचारले, ही कशी आहे? तो म्हणाला, "चांगली आहे, काका." तळच्या फळीवरच्या बाटलीकडे दाखवले. तिची पट्टी चारशे तीस. "तीही चांगली आहे, काका." मग ती? "सगळ्याच चांगल्या आहेत." कोटवाला शेजारीच कान टवकारून उभा होता. त्याच्यासमोर हा बिचारा दुसरे काय बोलणार? अशा वेळी काय करायचे हे आमच्या बाजाराने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा हात हातात घेतात, वर उपरणे टाकतात, आणि आत बोटे दाबून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते आधीच ठरलेले. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा दोघांपलीकडे जात नाही, म्हणून त्या उपरण्याखाली कोणी सहसा खोटे बोलत नाही. वर तोंडाने मात्र वाटेल ते चालू असते.

तेव्हा मी खांद्यावरचे उपरणे काढले, विभागप्रमुखाचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि त्यावर ते टाकले.

पुतण्याचे म्हणणे असे की तो माणूस घाबरला. पहिला क्षण घाबरला, हे मी नाकारत नाही. कोटवाल्याला वाटले मला भोवळ आली, आणि त्याने पाणी मागवले. दारावरचा रखवालदार दोन पावले पुढे आला. आणि माझा सख्खा पुतण्या, ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो कपडे धुण्याच्या पावडरच्या पोत्यांमागे जाऊन उभा राहिला. माझ्यासोबत आलोच नव्हतो असे दाखवण्यासाठी तो तिथल्या एका पोत्याचा मजकूर वाचू लागला. असा माणूस पुढे साक्षीदार म्हणून मिरवतो.

परंतु उपरण्याखाली काय झाले ते त्याला कुठून दिसणार? विभागप्रमुखाचा हात आधी लाकडासारखा ताठ होता. मग हळूहळू सैल झाला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिले.

"कुठल्या बाजारचे, काका?" भाषा एकदम बदलली.

"भूम."

"माझा बाप दलाल हुता. कळंबच्या बाजारात."

"मग बोला."

मी डाव्या हाताने नऊशेच्या बाटलीकडे दाखवले. शेकड्यांत बोलायचे, हे डोळ्यांनी ठरले. तोंडाने तो मोठ्याने म्हणाला, "ही आपली सगळ्यांत जास्त खपणारी, काका, डोळे झाकून घ्या!" आणि उपरण्याखाली त्याने माझी तीन बोटे दाबली. तीनशे. म्हणजे नऊशेच्या मालाची त्याच्या लेखी लायकी तीनशे. कोटवाल्याने समाधानाने मान हलवली.

मी आणखी चार बाटल्या दाखवल्या. प्रत्येकीची तोंडाने स्तुती झाली, आणि दोन-अडीच बोटांच्या पुढे एकही गेली नाही. अडीच म्हणजे दोन बोटे आणि तिसऱ्याचे अर्धे पेर. शेवटी मी तळच्या फळीकडे बोट केले. चारशे तीसवाली. तो तोंडाने म्हणाला, "ही साधी आहे, काका, रोजच्या वापराला." आणि आत त्याने आधी माझा सगळा पंजा आवळला, आणि मग पुन्हा दोन बोटे.

सातशे! चारशे तीसला सातशेचा माल. मी आयुष्यात अनेक सौदे केले, परंतु त्या क्षणी मला जो आनंद झाला तो न व्यालेल्या पाटीच्या भावात गाभण शेळी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

ह्यानंतर मी एक मागणी केली, तिचा फार बभ्रा झालेला आहे. बाजारात बैल घेताना तो आधी जुंपून दाखवतात. त्या न्यायाने मी म्हणालो की एक बाटली घरी नेतो, उघडून पाहतो, पसंत पडली तर पैसे, नाहीतर बाटली परत. विभागप्रमुख अतिशय अदबीने म्हणाला, "काका, बैल जुंपला तर तेवढाच राहतो. ही कमी हुते." मला ते पटले. योग्य मुद्दा कोणी मांडला तर मी तत्काळ मान्य करतो. लोक मांडत नाहीत, ही अडचण आहे. मी सहा बाटल्यांचा खोका घेतला, कारण तिथे सुटी बाटली देत नव्हते. पुतण्या पोत्यांमागून बाहेर आला तो पावतीच्या वेळेला.

"काका, त्येनी तुमाला हात का दिला?"

"वळख निघाली."

"कशावरनं?"

"हातावरनं," मी म्हणालो. त्यावरून त्याने वाशीत पसरवले की काकांनी मॅनेजरचे भविष्य पाहिले. आजही एक-दोघे हात पुढे करतात.

खोका मी शेळ्यांच्या गोठ्यात ठेवला. गोठाच का, असे व्याही अजून विचारतात. गोठा उत्तरेला तोंड करून आहे, भिंती मातीच्या, फाल्गुनातही आत गारवा. वाइनला गारवा लागतो, हे त्यांनीच सांगितले होते. एवढेच झाले की माझी थोरली शेळी दावे तोडून रात्रीत पुठ्ठ्याचा खोका खाऊन मोकळी झाली, आणि खोक्यानंतर बाटल्यांवरची सगळी लेबले. बाटल्यांना तिने धक्का लावला नाही. सकाळी सहा नागव्या बाटल्या कडब्यात ओळीने पडलेल्या, आणि शेळी शांतपणे रवंथ करीत होती.

होळीनंतरच्या रविवारी व्याही आणि विहीणबाई मोटारीने आले. अडीच हजारांची बाटली थर्माकोलच्या पेटीत होती आणि दोन लांब देठाचे पेले टॉवेलात गुंडाळलेले. माझी बाटली पाहताच व्याही उसळले.

"हिला नावच नाही! आत काय आहे कुणास ठाऊक. तुम्ही भारी वाइन भरून आणली असेल!"

"भारी वाइन भरायची तर आदी भारी वाइन वळखाय पायजे," मी म्हणालो. "त्ये तर तुमचं काम." पुतण्याने गल्ल्यातून पावती आणून दाखवली. तेवढे एक काम त्याने सरळपणे केले. तरीही व्याह्यांनी माझ्या बाटलीचे झाकण फिरवून उघडताना "सोड्याच्या बाटलीसारखं!" असे दोनदा म्हटले. त्यांच्या बाटलीचे बूच निघायला दहा मिनिटे लागली आणि अर्धे बूच आत पडले, ह्याचा उल्लेख ते कोठेच करीत नाहीत.

विहीणबाई ओसरीवर बाजेवर बसल्या. डोळ्यांना माझ्या बायकोने स्वतःचा धुतलेला पंचा बांधला. मधूनमधून तोंड साफ करायला व्याह्यांनी पुण्याहून पाव आणला होता. तो विहीणबाईंनी नाकारला आणि ज्वारीची भाकरी मागितली. पेले कोणी कोणत्या क्रमाने द्यायचे ते पुतण्याने आमच्याकडे पाठ करून ठरवले. त्यांनी पहिला घोट घेतला. दुसऱ्या पेल्यातला घेतला. पुन्हा पहिला. गोठ्यात शेळी काहीतरी कुरतडत होती.

"आपली कुठली?" व्याही म्हणाले.

"ही," विहीणबाईंनी दुसरा पेला उचलला. "ही आपली. नेहमीची."

ती माझी होती.

व्याह्यांच्या चेहऱ्याचे वर्णन मी करीत नाही, पाहुणा माणूस. ते म्हणाले, प्रवासाने जीभ मंद होते, पुन्हा घ्या. पुतण्याने पेल्यांची अदलाबदल केली. विहीणबाईंनी पुन्हा माझी उचलली. "अगं, नीट!" व्याही म्हणाले. तिसऱ्यांदा पेले आले तेव्हा विहीणबाईंनी कोणताही पेला तोंडाला न लावता जवळचा ढकलला. "हा घ्या, हा तुमचा. आता सोडा डोळे, घाम आलाय मला."

तो व्याह्यांचा होता. आणि एवढ्यावर हे गृहस्थ पुण्यात सांगत हिंडतात की शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. न चाखता दिलेला निकाल! तीन वेळा विचारायचे आणि चौथ्यांदा विचारायला भीती वाटते म्हणून तिसरा धरायचा, हा कुठल्या बाजारातला नियम? माझ्या बायकोनेही दोन्ही पेल्यांतला एकेक घोट घेतला, हे खरे. "दोन्ही आंबट हायती," ती म्हणाली आणि ताक आणायला आत गेली. तो निकाल धरण्यात आलेला नाही.

म्हणजे मी जिंकलो. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो, कारण ह्यापुढचे वाचून लोक गोंधळतील.

जेवणे झाली, व्याही आडवे झाले, आणि मी चिंचेखाली दोरी घेऊन पंगती मोजायला गेलो. चार ओळी, एकेका ओळीला चाळीस पाने. चुलाण बांधाकडे, पाण्याचा टँकर विहिरीच्या बाजूला. मी खुंट्या ठोकत होतो तेव्हा बायको मागून आली. तिने चार ओळी नजरेखालून घातल्या.

"माजं पान कुठं?"

"तुजं? म्होरं. माज्या शेजारी."

"आन् वाढणार कोण?"

"पोरं वाढतील. बाया हायती."

"बाया म्हंजी मी," ती म्हणाली. "अवो, थोरल्या पोराचं लगीन हितंच झालं. लेकीचं झालं. तुमच्या आईचं तेरावं झालं. नव्या इहिरीला पाणी लागलं तवा आख्खं गाव जेवलं. कवा जेवले मी पंगतीत? सांगा."

मी दोरी खाली ठेवली. माझी स्मरणशक्ती चांगली आहे; मी विकत घेतलेली प्रत्येक शेळी मला आठवते, तिच्या कपाळावरच्या ठिपक्यासकट. थोरल्याच्या लग्नात ती भाताचे तपेले धरून उभी होती. लेकीच्या लग्नात आमटी संपली म्हणून चुलाणापाशी होती. विहिरीच्या जेवणात ती दिसल्याचे आठवत होते, पण बसलेली नाही.

"मग पुण्याला बोलली न्हाईस ती?"

"तुमी दोघं अंगाच्या गोष्टी करत हुता की वाइनच्या. भात निवत हुता माजा."

"तुला त्यो पुण्याचा हाल पायजे?"

"मला थंड हवेत खुर्चीवर बसून जेवायचंय. दुसऱ्यानं वाढलेलं. गरम. आन् मधी कुणी उठवलं न्हाय पायजे." तिने खाली पडलेली दोरी उचलून गुंडाळली. "तुमी जिंकला त्ये बेस झालं. पर जेवायचं मला हाय न्हवं?"

मी खुंट्या उपटल्या. ह्याचा अर्थ कोणी असा काढू नये की मी माघार घेतली. पैज जिंकलेला माणूसच जेवण कुठे व्हावे हे ठरवतो; हरलेल्याला तो अधिकार नसतो. मी जिंकलो, मी ठरवले, आणि मी हॉल ठरवला. हे मी ओसरीवर जाऊन व्याह्यांना उठवून सांगितले. ते अर्धवट झोपेत होते. "म्हणजे मी जिंकलो ना?" त्यांनी विचारले. तीन वेळा समजावून सांगितले, तरी त्यांच्या डोक्यात एवढेच शिरले की हॉल ठरला.

वैशाखात पुण्यात जेवण झाले. उरलेल्या पाच बाटल्या मी सोबत नेल्या आणि विहीणबाईंनी त्यांतली एक स्वतः मागून घेतली. हॉल थंड होता, हे मान्य करतो. बायको हिरव्या पैठणीत मधल्या टेबलावर बसली. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस तिच्या ताटात पुरी वाढायचा, ती संपली की दुसरी, तीही फुगलेली. ती कोणाकडे पाहत नव्हती. सावकाश, एकेक घास, जणू पन्नास वर्षांचे एकदम मोजून घेत होती.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून व्याह्यांचा आवाज आला. ते त्यांच्या खात्यातल्या जुन्या मंडळींना सांगत होते, "अहो, पैज लागली होती आमची. व्याहीबुवा हरले, म्हणून तर आपण इथे आहोत!" सगळे हसले. मी खुर्ची मागे सारली आणि उठलो. माझ्याजवळ पावती होती, पहिल्या निकालाचा साक्षीदार होता, दुसऱ्याचाही होता.

"कुठं निघाला?" बायकोने विचारले. तिच्या हातात पुरीचा तुकडा होता, आमरसात अर्धा बुडालेला.

"त्येला सांगाय पायजे की—"

"तुमी उठला की समदे उठतात. मग मला उठाय लागतंय," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. हातमोजेवाल्याने तिला आणखी एक पुरी वाढली.